गळा जरा उघडा वाटतो

माणसाच्या आयुष्यात गप्प बसण्याच्या सोन्यासारख्या संधी येत असतात. गळतीसाहेबांच्या आयुष्यात त्या भरपूर आल्या आणि त्यांनी एकही साधली नाही. ताजी संधी आली ती थंडीच्या सुरुवातीला, एका रविवारी सकाळी. त्यांच्या पत्नीनं स्वतः विणलेला राखाडी स्वेटर त्यांच्या अंगात घातला, दोन पावलं मागं सरकून पाहिलं आणि विचारलं, "कसा झालाय?"

या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे. बालवाडीतल्या पोरालाही ते पाठ असतं. गळतीसाहेब आरशासमोर गेले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले, बाह्या ओढून पाहिल्या, काखेतल्या शिवणीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "गळा जरा उघडा वाटतो."

आता यात त्यांचा दोष किती आणि खात्याचा किती, हा चौकशी समिती नेमण्याचा विषय आहे. साहेबांची सगळी हयात पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागात गेली. रस्त्याला कान लावून खाली कुठली नळी ठिबकतेय ते सांगणारा माणूस म्हणून त्यांचा दबदबा होता. निवृत्तीनंतर रस्ते सुटले, कान तेवढा राहिला. इमारतीत कुणाचा नळ नीट बंद नसला की ते खुशाल बेल वाजवून सांगायचे, मग आत पाहुणे असोत की भांडण चालू असो. त्यावरून गळतीसाहेब हे नाव पडलं, तोंडावर मात्र नुसतं साहेब. त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. तर सांगायचं म्हणजे, आख्ख्या नोकरीत साहेबांनी एकाही कामाच्या दाखल्यावर शेरा मारल्याशिवाय सही केली नव्हती. काम निर्दोष असलं तर ते लिहायचे, 'रंग अधिक बरा देता आला असता.' अशा माणसाला स्वेटर दाखवून मत विचारणं हे खरं तर वहिनींचंच धाडस म्हणायला हवं.

पण वहिनींनी ते केलं याला कारण होतं. गेल्या वर्षी त्या जिन्यावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा त्या हाताला चहाचा कप पेलवेना. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, रबरी चेंडू दाबत बसा. दोन दिवसांत वहिनींना चेंडूचा आणि चेंडूला वहिनींचा कंटाळा आला. मग त्यांनी कपाटातून जुन्या सुया काढल्या. सुरुवातीला एक ओळ विणायची, दुखलं की थांबायचं, चुकलं की उसवायचं, असं चाललं होतं. कधी कधी डोळ्यांत पाणी यायचं, ते दुखण्याचं की रागाचं हे त्या सांगत नसत. तरी वर्षभरात पाठ झाली, पोट झालं, बाह्या झाल्या. हात पुन्हा आपला झालाय, हे त्यांना त्या स्वेटरनं सांगितलं होतं. म्हणून त्यांनी विचारलं, कसा झालाय.

"बरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वेटर साहेबांच्या अंगातून काढला, नीट घडी घातली, कपाटात ठेवला. सुया बिस्किटाच्या डब्यात घातल्या, डबा माळ्यावर टाकला आणि भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "आता पुन्हा सुईला हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून वहिनी साहेबांशी बोलायच्या बंद झाल्या. घरातल्या इतर वस्तूंशी मात्र छान बोलत. "जेवण वाढलंय, ज्याला जेवायचं असेल त्यानं यावं," हे फ्रीजला सांगितलं जाई. "विजेचं बिल भरायचं राहिलंय, कुणाला आठवण असेल तर बरं," हे पंख्याला. साहेबांना याचं फारसं काही वाटलं नसतं. खात्यातही लोक त्यांच्याशी असेच बोलायचे. पण एका सकाळी त्यांनी पाहिलं की वहिनींनी चहाचा कप डाव्या हातानं उचललाय आणि उजवा हात मांडीवर नुसता पडलाय. सुया माळ्यावर गेल्या आणि बोटं पुन्हा आखडायला लागली. हे मात्र साहेबांच्या काळजाला लागलं. त्या दिवशी त्यांना पेपरही वाचवेना.

कुठल्याही शहाण्या माणसानं या टप्प्यावर बायकोपुढं जाऊन 'चुकलो' म्हटलं असतं आणि ही गोष्ट इथंच संपली असती. पण चूक कबूल करणं खात्याच्या पद्धतीत बसत नव्हतं. दुरुस्ती बसत होती. साहेबांनी हिशोब मांडला तो असा: तक्रार गळ्याची आहे, गळा उघडा आहे, तर त्यावर एक उंच, दुमडता येईल असा गळा चढवावा. तक्रारीचं मूळच गेलं की तक्रार गेली, तक्रार गेली की शेरा गेला, शेरा गेला की बायको खूश. या साखळीतली शेवटची कडी कशाला अडकवलीय, हे त्यांना विचारायला कुणी नव्हतं.

त्यांनी स्वेटर डब्याच्या पिशवीत कोंबला आणि लोकरीचं दुकान गाठलं. आत सगळ्या बायका होत्या. साहेब शिरताच त्यांची बोलणी थांबली.

"राखाडी लोकर द्या," साहेब म्हणाले.

"कुठली राखाडी?" लोकरवाल्यानं नमुन्यांचा पुठ्ठा उघडला. त्यावर राखाडीच्या इतक्या तऱ्हा होत्या की साहेबांना पहिल्यांदाच आपण आजवर जग वरवर पाहिलं असं वाटलं. त्यांनी स्वेटर काढून एकेका नमुन्याशी लावून पाहिला.

"ही जवळपास तीच," लोकरवाला म्हणाला.

"जवळपास नको. तंतोतंत हवी."

"अहो, एका वेळी रंगवलेली लोकर संपली की संपली. पुढच्या खेपेला थोडा फरक पडणारच. गळा दुमडला की कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

"बरं, विणणार कोण?"

साहेबांनी खाकरून घेतलं. "आहेत एक ओळखीचे गृहस्थ."

"मग त्या गृहस्थांना म्हणावं गोल सुई वापरा. दोन टोकांना सुया, मध्ये दोरी. गळ्याचे टाके उचलायचे आणि गोल गोल विणत जायचं."

मागून एका बाईंनी स्वेटर हातात घेऊन उलटा केला. "किती सुरेख हात आहे हो! ज्यांनी हा विणला त्यांनाच का नाही सांगत गळा करायला?"

"त्या सध्या रजेवर आहेत," साहेब म्हणाले आणि पिशवी उचलून बाहेर पडले.

लोकर आली, गोल सुई आली. प्रश्न जागेचा होता. घरात वहिनी, बागेत ओळखीचे लोक आणि वाचनालयात तर खुद्द जुने सहकारी. राहिली गच्ची. दुपारी गच्चीवर कुणी फिरकत नाही. तिथं पाण्याची भली मोठी टाकी आहे आणि टाकीमागं एक माणूस स्वतःची अब्रू सांभाळत बसेल एवढी जागा आहे. साहेब पिशवी घेऊन तिथं बसायला लागले. निघताना ती टाकीजवळच्या व्हॉल्व्हच्या पेटीत ठेवायची, पेटीला झाकण लावायचं, असा बेत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी लोकर स्वतःच्या चष्म्याभोवती गुंडाळली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मावशी वाळत घातलेले कपडे काढायला आल्या आणि टाकीमागून येणारे पुटपुटण्याचे आवाज ऐकून डोकावल्या.

"अगं बाई! साहेब, तुम्ही? आणि हे काय?"

साहेबांनी सुई पाठीमागं लपवली. तिला लोंबणारा स्वेटर काही लपला नाही.

मावशी या तोंडानं विणण्यात इमारतीत पहिल्या. त्यांच्या घरी एका बाहीचे स्वेटर आणि टाचेपर्यंत न पोचलेले मोजे यांचा मोठाच साठा आहे. पण शिकवायला त्यांना मनापासून आवडतं. त्यांनी कपडे खाली ठेवले, वहिनींना न सांगण्याची साहेबांपुढं शपथ घेतली आणि सुलट टाका, उलट टाका, टाके कसे उचलायचे, सगळं दाखवलं. साहेब शिकायला वाईट नव्हते. फक्त प्रत्येक टाक्याला हरकत घ्यायचे.

"घेर कसा धरलात?" मावशींनी विचारलं.

"गळा मोजला. अगदी टेप लावून."

"गळा? अहो, पण डोकं? ते कुठून जायचं?"

"मावशी," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "नळीला झाकण करताना आम्ही नळी मोजतो. बादली मोजत नाही. लोकर काय, ताणते."

"ताणते ती मधे. काठ ताणत नाही. निदान शेवटी टाके बंद करताना हात सैल ठेवा हं."

"सैल?" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सैल जोड म्हणजे उद्याची गळती. माझ्या हाताखाली एक जोड सैल राहिला नाही कधी."

मावशींनी कपडे उचलले आणि निघाल्या. शिकवणाऱ्यानं कुठं थांबावं हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अर्धवट मोज्यांनी शिकवलं असावं.

सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे गळा बोटाबोटानं वाढत होता आणि बोलण्याची वेळ कुणावर येत नव्हती. मग एके दिवशी गच्चीवरून उतरताना जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ बगलेत फाईल असल्याशिवाय कचरा टाकायलाही जात नाहीत.

"साहेब, रोज दुपारी गच्चीवर? काय विशेष?"

इथं पुन्हा गप्प बसण्याची संधी होती. साहेब म्हणाले, "काही नाही, जरा टाकी बघत होतो."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर सेक्रेटरी 'असं का' म्हणून पुढं गेले असते. पण ज्या माणसानं जन्मभर गळत्या शोधल्या तो माणूस रोज दुपारी टाकी बघतो आणि वर 'काही नाही' म्हणतो! मोठे डॉक्टर एक्स-रे बघून 'काही नाही' म्हणतात तेव्हा घरच्यांचं जे होतं ते सेक्रेटरींचं झालं. संध्याकाळपर्यंत टाकीला तडा गेल्याची बातमी तळमजल्यावर पोचली. दुसऱ्या दिवशी ती परत वर आली तेव्हा टाकी एका बाजूला कलली होती. लोकांनी खबरदारी म्हणून पाणी साठवायला सुरुवात केली. बादल्या, पातेली, टब, बाळाची आंघोळीची घमेली, जे हाताला लागेल ते भरलं. सगळी इमारत एकदम पाणी भरायला लागल्यावर टाकी दुपारीच रिकामी होऊ लागली, आणि टाकी दुपारीच रिकामी होते म्हटल्यावर ती गळतेय याबद्दल कुणाला शंकाच उरली नाही.

"साहेब, खरं सांगा, किती दिवस आहेत टाकीचे?" लोक जिन्यात गाठून विचारू लागले.

"अहो, टाकी ठणठणीत आहे!"

"तुम्ही धीर देताय, कळतं आम्हाला," असं म्हणून लोक त्यांचा हात दाबायचे.

सेक्रेटरींनी पाणीपुरवठा खात्यात रीतसर तक्रार नोंदवली आणि साहेबांचं नाव तज्ज्ञ म्हणून टाकलं. हे कळल्यावर साहेब तडक आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता जो बसतो तो पूर्वी त्यांच्या हाताखाली टेपचं दुसरं टोक धरायचा. त्यानं उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला.

"ती तक्रार चुकीची आहे," साहेब म्हणाले. "टाकीला काही झालेलं नाही. काढून टाका."

"तुम्ही सांगताय म्हणजे नसणारच, साहेब. पण नोंद झालीय ना."

"मग रद्द करा नोंद."

"ते नाही करता येत. एकदा गळतीची तक्रार आली की टाकी रिकामी करून आतून पाहिल्याशिवाय ती बंद करायची नाही, असा नियम आहे."

"कुठल्या गाढवानं केला हा नियम?"

अधिकाऱ्यानं अदबीनं खिडकीबाहेर पाहिलं. "तुमच्याच सहीचा आहे, साहेब."

थोडा वेळ दोघंही चहा प्यायले.

"एक मार्ग आहे," अधिकारी म्हणाला. "तुम्ही टाकीपाशी रोज कशासाठी जात होता तेवढं लेखी दिलंत, तर गैरसमज झाला असं दाखवून बघता येईल."

साहेबांनी मनातल्या मनात मजकूर जुळवून पाहिला. 'मी खाली सही करणारा, रोज दुपारी टाकीमागे बसून स्वेटरचा गळा विणत होतो.' खाली सही, वर आवक शिक्का. मग तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाणार आणि प्रत्येक टेबलावर वाचला जाणार. त्यांनी कप खाली ठेवला.

"होऊ द्या तपासणी," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

तपासणीचा दिवस उजाडला. सकाळीच टाकी रिकामी केली. आता घरोघरी नळ सोडले की नुसती हवा यायची. साहेबांचा गळा आदल्या दिवशी पुरा झाला होता. टाके त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं बंद केले होते, म्हणजे प्रत्येक टाका हिसका देऊन आवळलेला, आणि शेवटाला एक गाठ, तिच्यावर गाठ आणि दोन्हींच्या सुरक्षेसाठी आणखी एक गाठ. पण पिशवी अजून व्हॉल्व्हच्या पेटीत होती, आणि अधिकारी ती पेटी सर्वांत आधी उघडणार हे साहेबांना माहीत होतं. कारण तोही नियम त्यांचाच होता.

ते घाईघाईनं गच्चीवर गेले. पिशवी खाली न्यायची तर जिन्यात सगळी इमारत उभी. पिशवीत काय, असं सेक्रेटरी विचारल्याशिवाय राहणार नाहीत. मग साहेबांना युक्ती सुचली. लोकर आणि सुई खिशात, स्वेटर अंगात. थंडीच्या दिवसांत अंगातल्या स्वेटरची चौकशी कोण करतंय? त्यांनी हात वर केले, डोकं घातलं आणि जोर लावला. काठ अडला. त्यांनी आणखी जोर लावला. कान मागं दुमडले, नाक चपटं झालं आणि डोकं एकदाचं बाहेर आलं. गळा दुमडला. बसला की अगदी चोख! वाऱ्याला शिरायला सुईएवढी फट नाही. साहेबांनी अभिमानानं श्वास घ्यायला तोंड उघडलं, तेव्हा लक्षात आलं की तोही पुरेसा शिरत नाहीये.

म्हणून त्यांनी स्वेटर काढायला घेतला. स्वेटर पोटावरून वर गेला, छातीवरून गेला, डोक्यावरून उलटा झाला, आणि काठ हनुवटीखाली अडकून बसला. जाताना कान मागं वळले होते, येताना ते आडवे आले. पाणीपुरवठ्यात एकतर्फी व्हॉल्व्ह नावाचा प्रकार असतो. पाणी एका दिशेनं जातं, परत येत नाही. साहेबांनी असे कित्येक बसवले होते, पण आतून पहिल्यांदाच पाहत होते. वर ओढावं तर कान आणि खाली ओढावं तर चष्मा, कारण चष्म्याची काडी आतल्या एका टाक्यात शिरून बसली होती. हात वर, डोकं गायब, पोटावर बनियन अशा अवस्थेत ते टाकीभोवती फिरत असताना अधिकारी, सेक्रेटरी आणि निम्मी इमारत गच्चीवर आली.

"कोण आहे?" सेक्रेटरी ओरडले.

"मी," स्वेटर म्हणाला.

अधिकाऱ्यानं आवाज ओळखला. वर्षानुवर्षं झाडण्या ऐकलेला माणूस तो आवाज लोकरीतूनही ओळखणारच. "साहेब?" तो म्हणाला. "तपासणीसाठी आलात होय?"

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं बाह्या ओढा, कुणी म्हणालं श्वास सोडून अंग चोरा. कुणी साबणाचं पाणी लावा म्हणालं, ते सगळ्यांना पटलं, पण पाणी कुठाय? सकाळी टाकी रिकामी केलेली आणि घरोघरचा साठा तर खऱ्या अडचणीसाठी राखून ठेवलेला. शेवटी दोघांनी दोन दंड धरले आणि साहेबांना जिन्यानं खाली आणलं. प्रत्येक पायरीला "पायरी" असं सगळे एका सुरात म्हणत होते. कुणाच्या तरी घरात नेऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. कुणाच्या, ते साहेबांना दिसायचा प्रश्नच नव्हता.

"कात्री आणा," सेक्रेटरी म्हणाले. "समोरून एक उभी चीर दिली की सुटले."

"कापू नका!"

स्वेटर हे इतक्या जोरात ओरडला की सेक्रेटरींची फाईल खाली पडली.

"अहो, गुदमराल!"

"गुदमरू द्या. पण कापू नका." आतून साहेबांचा आवाज फाटका येत होता. "तिनं विणलाय. मोडलेल्या हातानं विणलाय. एकेक ओळ विणताना रडायची ती, मी पेपरआडून बघायचो. स्वेटर चांगला होता हो. फार चांगला होता. बोलून गेलो मी गाढवासारखा. आता ती सुईला हात लावत नाही, हात परत आखडत चाललाय तिचा. माझ्यामुळं. कात्री लावली तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

तोंड दाखवण्याची अडचण तशी आत्ताही होतीच, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

मग दोन हात स्वेटरच्या आत आले. बोटांनी चाचपून चष्म्याची काडी शोधली, ज्या टाक्यात ती अडकली होती तो टाका हळूच सैल केला, चष्मा काढून घेतला आणि स्वेटर खाली ओढला. साहेबांना उजेड दिसला, मग आपल्याच घरातला पंखा आणि मग वहिनी. इतके दिवस त्या गप्प होत्या, म्हणून त्या खोलीत आहेत हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

वहिनींनी गळ्याच्या काठावरून बोट फिरवलं. "ही गाठ कुणी मारली?"

हे त्या फ्रीजला म्हणाल्या नाहीत. थेट साहेबांना म्हणाल्या.

"मी."

"आणि तिच्यावरची?"

"तीही."

"आणि तिसरी?"

"खबरदारी म्हणून," साहेब म्हणाले.

"सेक्रेटरी भाऊ, तेवढा माळ्यावरचा बिस्किटाचा डबा काढून द्या," वहिनी म्हणाल्या. "आणि मग सगळे आपापल्या घरी जा. बघण्यासारखं काही नाही इथं." हे शेवटचं वाक्य खरं नव्हतं, त्यामुळं लोक बऱ्याच नाखुशीनं गेले. जाताना अधिकाऱ्यानं हळूच सांगितलं की मधल्या वेळात माणूस आत उतरवून पाहिलं, टाकी ठणठणीत आहे आणि आता पाणी सोडायला हरकत नाही. साहेबांनी मान हलवायचा प्रयत्न केला.

"हलू नका," वहिनी म्हणाल्या.

त्या समोर स्टूल घेऊन बसल्या. बारीक सुईच्या टोकानं पहिली गाठ सोडवली, मग दुसरी. तिसरीपाशी बोटं दुखली तेव्हा थांबल्या, हात झटकला, पुन्हा धरली. गाठी सुटल्यावर आवळलेले टाके त्यांनी एकेक करून मोकळे केले आणि गोल सुईवर घेतले. साहेबांचा श्वास सुटला. आता खरं म्हणजे स्वेटर सुईसकट अंगातून सावकाश निघाला असता. विणणाऱ्या कुणालाही विचारा. पण वहिनी म्हणाल्या, "टाके उघडे आहेत, काढला तर सगळं उसवेल," आणि साहेबांनी ते मान्य केलं. काठ रुंद व्हावा म्हणून मधे मधे टाके वाढवत त्या अंगावरच विणायला लागल्या. उंच गळा साहेबांच्या नाकापर्यंत आला होता, त्यामुळं त्यांना तोंड उघडता येत नव्हतं. वहिनींना हेही सोयीचं वाटलं असावं.

वर टाकीत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं भिंतीतल्या नळ्या गुरगुरल्या, आणि सकाळी हवा येतेय म्हणून उघडा राहिलेला स्वयंपाकघरातला नळ धो धो वाहू लागला. साहेबांचा कान टवकारला. त्यांचे पाय आपोआप जमिनीवर सरकले.

"हलू नका म्हटलं ना."

साहेब बसले. नळ वाहत होता. समोर वहिनींची बोटं चालली होती, कधी अडखळत, कधी भरभर, आणि साहेब त्यांच्याकडे बघत राहिले.

शेवटचा टाका त्यांनी सैल हातानं बंद केला, धागा आत ओवला आणि गळा बाहेरच्या बाजूला दुमडला. मग स्टूल मागं सारून, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं.

"कसा झालाय?"

साहेब आरशासमोर गेले. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. गळ्याची राखाडी अंगाच्या राखाडीहून वेगळी होती. घडी डाव्या बाजूला बोटभर खाली आली होती. त्यांचा हात सवयीनं त्या घडीपर्यंत गेला आणि तिथून परत आला.

"छान झालाय," ते म्हणाले.

"डावीकडे बोटभर जास्त आलंय."

"मला नाही दिसलं."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. स्वयंपाकघरातलं पाणी आता सिंकमधून खाली सांडत असल्याचं दोघांनाही स्वच्छ ऐकू येत होतं.

"आणि तो नळ?" वहिनींनी विचारलं. "तो तरी ऐकू येतोय ना?"

"कुठला नळ?" गळतीसाहेब म्हणाले.